मुलाबद्दलची शंका आईला सांगितली, आणि मूल यायचंच बंद झालं

नागपुरात मानेवाड्याकडे घराच्या दोन खोल्यांत बालवाडी चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे बावीस मुलं. त्यातला एक मुलगा तीन वर्षं आठ महिन्यांचा. जूनअखेर शाळा उघडल्यापासून येत होता, पण दोन महिन्यांत एक शब्द बोलला नाही. हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. तान्ह्या पोळ्याच्या कार्यक्रमात बाकीची पोरं नंदी ओढत गाणं म्हणत होती, हा दोरी धरून नुसता उभा. सुटताना गेटवर ताई आईला म्हणाल्या, "याला एकदा डॉक्टरला दाखवून घ्या, मला ऑटिझमसारखं (स्वमग्नतेसारखं) वाटतं." दुसऱ्या दिवसापासून मुलगा आला नाही. त्याचा लाकडी नंदी अजून बालवाडीच्या फळीवरच आहे. आई फोन उचलत नाही. आठ दिवसांनी आजीने उचलला आणि म्हणाली, "आमचं पोट्टं येडं नाही वो बाई." ताई विचारतात: माझं काय चुकलं, आणि आता यांना पटवून कसं द्यायचं?

ताई, शंका आली यात चूक नाही. ती मनात दाबून वर्ष काढलं असतं तर ती जास्त मोठी चूक ठरली असती. पण "पटवून द्यायचं" हे आधी डोक्यातून काढा. काय पटवायचं आहे, हे तुम्हाला तरी नक्की कुठे माहीत आहे? तुम्ही या मुलाला दिवसाचे तीन तास बघता, तेही बावीस मुलांच्या गलक्यात. उरलेले एकवीस तास तो जिथे असतो तिथली माहिती तुमच्याकडे नाही, आणि तुमच्या तीन तासांतली त्यांच्याकडे नाही. त्या दोन माहित्या एकत्र येण्याआधीच तुम्ही निकाल सांगितलात. खरा प्रश्न तिथे आहे.

आणि निकाल सांगितलात तो गेटवर. तुमच्या मते तुम्ही तो आईला सांगितला. प्रत्यक्षात तो गेटवरच्या चार बायकांनी ऐकला, ऑटोवाल्या काकांनी ऐकला. मग आईला तो घरी न्यावा लागला. घरी पोचेपर्यंत "डॉक्टरला दाखवा" याचं काय होतं ते मी इतक्या वेळा पाहिलंय की आता वाक्यंसुद्धा पाठ आहेत. "दिवसभर मोबाईल कोण देते त्याले?" "गरोदरपणात काही खाल्लं नाहीस धड." "तुझ्या माहेरी तो एक आहे नं तसा." म्हणजे तुम्ही मुलाबद्दल बोललात आणि शिक्षा आईला झाली. ती फोन का उचलत नाही याचं मला तरी नवल वाटत नाही.

मी हे उंचावरून सांगत नाही. चोवीस वर्षं बालवाडी चालवली, पहिली बारा पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत. चौथ्या की पाचव्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं, वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे. एका मुलीची आई डबा घ्यायला वाकली आणि मी तिला म्हटलं, "हिला जरा दाखवून घ्या हो, ऐकूच येत नाही जणू." आवाज हळू होता असं मला वाटलं. मागच्या रांगेतली बाई हसली. त्या आईने डबा तिथेच ठेवला. मुलगी परत आली नाही, महिनाभरात त्यांनी खोलीही बदलली. तिचं पुढे काय झालं हे मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणून मी नव्या ताईंना पहिली गोष्ट ही शिकवते की गेटवर फक्त चांगलं बोलायचं. आज डबा संपवला, आज दुसऱ्याला खडू दिला. बाकी सगळं खुर्चीवर बसून, दार लोटून.

आता त्या मुलाकडे येऊ. इथे बरंच काही "अवलंबून आहे", आणि कशावर ते नीट सांगते.

सगळ्यात आधी, तो घरी बोलतो का? हे तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा विचारलंच गेलं नसावं. माझ्याकडे एक मुलगा होता, आईवडील छत्तीसगडहून बांधकामावर आलेले. आठ महिने बालवाडीत तोंड उघडलं नाही. मीही डॉक्टरकडे पाठवायची चिठ्ठी लिहायच्या बेतात होते. त्याआधी एकदा घरी गेले. एप्रिलचे दिवस, पत्र्याची एकच खोली, भाड्याने आणलेला कूलर घरघरत होता. हा पठ्ठ्या कूलरच्या जाळीला तोंड लावून पंख्यात बोलत होता, आवाज थरथरत बाहेर येतो त्याची मजा घेत. आणि नुसते "आऽऽ ऊऽऽ" नाही, लांबच्या लांब वाक्यं. मध्येच मागे वळून धाकट्या बहिणीला काहीतरी दटावलं, तिने उलट उत्तर दिलं, यांचं भांडण जुंपलं. सगळं त्यांच्या घरच्या भाषेत, मला निम्मं कळलं. मी चहा पिऊन चिठ्ठी न देता परत आले.

नागपुरात हे फार होतं. घरी हिंदी, छत्तीसगढी, गोंडी, सिंधी, तेलुगू, नाहीतर आपलीच झाडीकडची बोली, आणि बालवाडीत आपण "मुलांनो, गोलात बसा पाहू" असं पुस्तकातून काढल्यासारखं बोलतो. नव्या भाषेत पडलेलं मूल काही महिने नुसतं ऐकतं, त्यात आजार काही नसतो. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हाही गैरसमज आहे. फक्त शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. पण घरी भरपूर बोलणारं मूल वर्गाची भाषा समजत असूनही महिनोन्महिने बाहेर गप्पच राहत असेल, तर ते भीतीपोटी असू शकतं आणि त्यालाही मदत लागते. "घरी बोलतो नं, मग झालं" असं म्हणून सोडू नका. तुमच्याकडच्या या मुलाच्या आजीची बोली वऱ्हाडी आहे, म्हणजे भाषेचं अंतर बहुधा थोडंच. म्हणून माझं मन पुढच्या प्रश्नाकडे जास्त जातं.

त्याला नीट ऐकू येतं का? "कधी बघतो, कधी नाही" हे तुमचं वाक्य वाचून मला आधी कान आठवला. या वयात वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकतं. दुखत नाही, कान वाहत नाही, पण ऐकणं कमी होतं. तेही रोज सारखं नाही: एखाद्या आठवड्यात बरं, सर्दी वाढली की पुन्हा मंद. बाहेरून ते मूल हट्टी किंवा हरवलेलं वाटतं. तुम्ही मागून टाळी वाजवून बघितली असेल तर तिच्यावर विसंबू नका. थोडं कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही टाळी ऐकू जाते, "स" आणि "फ" जात नाहीत. खरी तपासणी कान-नाक-घसा विभागात होते. आवाज आला की ठोकळा टाक, असा खेळ करून या वयाचं ऐकणं तपासता येतं, पडद्यामागचं पाणी वेगळ्या यंत्राने कळतं. न बोलणाऱ्या कुठल्याही मुलाची कानाची तपासणी पहिली, बाकीच्या शंका नंतर. हा क्रम मी कधीच बदलत नाही.

तिसरं, बोलत नसला तरी सांगतो का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? विमान गेलं की वर बघून मग तुमच्याकडे बघतो का, "पाहिलंस का?" अशा नजरेने? डबा उघडत नसेल तर आणून हातात देताना तोंडाकडे बघतो, की नुसता तुमचा हात ओढून झाकणावर ठेवतो? खोटंखोटं चहा पाजतो का? ही उत्तरं "नाही" कडे झुकत असतील तर तुमची शंका रास्त आहे, आणि तपासणी लवकर व्हायला हवी. तरीही "ऑटिझम" हा शब्द तुमच्या तोंडून जायला नको होता. ते निदान त्यातले शिकलेले लोक मुलाला निवांत बघून, आईवडिलांशी बोलून करतात. मोबाईलवर फिरणारी एम-चॅट नावाची प्रश्नावली भरून बघायचा मोह होईल. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, हा ४४ महिन्यांचा.

एक गोष्ट मात्र कशावरही अवलंबून नाही. आधी बोलायचा आणि आता ते शब्द गेले, अंगाला झटके येतात, किंवा मोठ्या आवाजालाही दचकत नाही, यातलं काही असेल तर संबंध बिघडतील म्हणून थांबायचं नाही. त्याच दिवशी, आई आणि वडील दोघांना बसवून, स्पष्ट सांगायचं.

मग तोपर्यंत तुम्ही काय करायचं? एक साधी दोनशे पानी वही. मी प्रत्येक मुलाला चार पानं देते. तारीख, वेळ, आधी काय झालं, मुलाने काय केलं. आपलं मत नाही. "लक्ष देत नाही" हे मत झालं. माझ्या जुन्या वहीतली एक नोंद अशी आहे: "मंगळवार, ९.४०. वाळूत एकटा. शेजारच्याने ट्रक उचलला. रडला नाही. माझा हात धरून तिकडे नेलं, ट्रककडे बोट केलं, माझ्या तोंडाकडे बघून 'अं' म्हणाला." चार ओळी. पण यात बोट आहे, नजर आहे, दुसऱ्याकडून काम करून घेणं आहे. डॉक्टरला यातून जे कळतं ते "बोलत नाही, मिसळत नाही" या तीन पानी तक्रारीतून कळणार नाही. आणि आईला ही ओळ वाचून दाखवली तर ती म्हणते, "हो, घरीपण असंच करते," आणि पुढचं स्वतः सांगायला लागते. तुमच्याकडे या मुलाचे दोन महिने आहेत, आठवेल तेवढं आज रात्रीच लिहून काढा. त्यात तो काय काय *करतो* हे आधी लिहा.

आता घरी जायचं का? जायचं. पण न सांगता नाही, आणि मदतनीस बाईंना घेऊन तर अजिबात नाही. दोघी आल्या की गल्लीला वाटतं पंचनामा करायला आल्या. आपल्याकडे हे काही नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. आपण तो शब्द ठेवला आणि अंगणात जायचं मात्र विसरलो, असं मला कधीकधी वाटतं. असो.

आधी फोन. सकाळी नको, दुपारी जेवणं आटोपल्यावर करा. फोन आजीने उचलला तर आजीशीच बोला, "आईला द्या" म्हणू नका. आणि सुरुवात माफीने करा, पण माफी नेमकी हवी. "गैरसमज झाला असेल तर सॉरी" ही माफी नाही. मी असं म्हणेन: "काकू, मी त्या दिवशी गेटवर सगळ्यांसमोर बोलले, ते मी बोलायला नको होतं. आणि जे नाव घेतलं ते घ्यायचा मला अधिकार नाही. त्याचा नंदी माझ्याकडे राहिला आहे, तो द्यायला येऊ का? घरी तो कसा असतो तेही मला ऐकायचं आहे." नंदी हे खरं कारण आहे, पण त्याच्या आड लपू नका, दुसरंही सांगून टाका. बहाणा करून गेलं की दहा मिनिटांत उघडा पडतो.

गेल्यावर निम्मा वेळ फक्त ऐकायचं. "मोबाईल किती बघतो?" हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नका, त्यात आरोप आधीच आहे. "सकाळी उठल्यापासून त्याचा दिवस कसा जातो, सांगा नं" असं विचारलं की मोबाईल आपोआप येतो, झोप येते, खाणं येतं, सारखी सर्दी येते. आजी म्हणेल, "याचा बापही पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता." बऱ्याच ताई इथे मान हलवून विषय पुढे नेतात, जणू अडाणीपणाचं काही ऐकलं. अहो, ही माहिती आहे! बोलायला उशीर घराण्यात चालतो हे डॉक्टरही विचारतात. वहीत लिहा, आजीच्या समोर लिहा. ज्या घरात आजीचं म्हणणं लिहून घेतलं गेलं, त्या घरात पुढे आजीच मुलाला कडेवर घेऊन दवाखान्यात बसलेली मी पाहिली आहे.

मग तुमची वही. दोन नोंदी वाचून दाखवा, त्यातली एक तरी अशी की ऐकून घरचे हसतील. त्यानंतर एकच विनंती: "त्याचे कान एकदा तपासून घेऊ." कानाला कोणी वेडं म्हणत नाही. हा मी शोधलेला डावपेच नाही, वैद्यकीय क्रमही तोच आहे, म्हणून निर्धास्त सांगता येतं. तपासणीत कान चांगले निघाले तर पुढचं पाऊल, बालरोग विभागात विकासाची तपासणी, हे डॉक्टरच सांगतील आणि तुम्ही सोबत असाल. पण कान तपासला म्हणजे झालं असं घरच्यांना वाटू देऊ नका. "कान ही पहिली पायरी, बोलणं वाढलं नाही तर पुढचीही चढू" हे त्याच बैठकीत सांगून ठेवा, नाहीतर तीन महिन्यांनी पुन्हा फसवल्यासारखं वाटेल.

थोडक्यात इथवरचं: गेटबद्दल माफी, घरी ऐकणं, वहीतल्या दोन नोंदी, कानाची एक विनंती. पहिल्या भेटीत एवढंच, यापुढचं काही नको.

कुठे पाठवायचं, तर मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन्ही सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा आणि बालरोग विभाग आहेत. बाप रोजंदारीवर असेल तर एका दिवसाची मजुरी जाते हे लक्षात ठेवून बोला. सकाळी लवकर जा, जुने कागद सोबत ठेवा, पहिल्या खेपेस सगळं होईलच असं नाही, हे आधीच सांगितलं की माणूस दुसऱ्यांदा जातो. तुम्ही चिठ्ठी द्या, तीत निदान नको, नोंदी लिहा. दुसरी वाट अंगणवाडीची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं, विकासातला उशीरही बघतं, आणि गरज पडली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तुमच्यासारख्या खाजगी बालवाडीत पथक येत नसेल, म्हणून त्यांच्या गल्लीतल्या अंगणवाडी ताईंशी ओळख करून घ्या. पथक कधी येणार हे त्यांना माहीत असतं. मात्र मुलाचं नाव त्यांना सांगायचं ते आईच्या परवानगीनेच, आणि कोणत्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर याचा एक शब्द नको.

मुलगा परत आला तर काही दिवस त्याला बोलतं करण्याच्या मागे लागू नका. "नमस्ते म्हण, म्हण नं, तोवर डबा नाही" हा प्रकार बंद. त्याच्या उंचीला बसा, तो जे करतोय ते दोन शब्दांत बोला, "गाडी चालली, गाडी थांबली", आणि मग दहापर्यंत मनात मोजा. आपल्याला दहापर्यंत गप्प राहणं फार जड जातं, माझ्या प्रशिक्षणात बहुतेक ताई चारवर फुटतात. ओळखीच्या गाण्यातला शेवटचा शब्द गाळून त्याच्याकडे बघा. खिडकीपासून, पंख्यापासून दूर, तुमच्या जवळ बसवा. कानाची शंका असेपर्यंत एवढं तरी करता येतं.

आणि घरच्यांनी नाहीच ऐकलं तर? होतं असं. तुम्ही एकदा नीट, बसून सांगितलं, तारीख वहीत लिहिली, पुन्हा दोन महिन्यांनी विचारणार हेही सांगितलं, की मग मुलाला तुमच्याकडे येऊ द्या. "तपासणी केल्याशिवाय घेणार नाही" अशी अट घालू नका. अट घातली की तो तीन तासही घरीच बसेल.

पुढच्या जूनसाठी एक सांगते. शाळा सुरू झाली की रोज एका घराशी पंधरा मिनिटं, बावीस मुलं म्हणजे महिनाभरात संपतात. विषय एकच, तुमचं मूल कसं आहे ते सांगा. त्या वेळी तुमची काही तक्रार नसते, त्यामुळे ऐकणं सोपं जातं. या आईशी तुमचं पहिलं लांब बोलणं गेटवरचं ते होतं, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. पुढच्या वर्षी तसं होऊ देऊ नका.

आता नंदी फळीवरून काढा. दोरी तुटली असेल तर नवी बांधा, आणि उद्या दुपारी फोन लावा. त्याचं हजेरीतलं नाव खोडू नका, चपलांच्या फळीवरची त्याची जागाही दुसऱ्याला देऊ नका.